कॅमेरा थांबू द्या, आधी उजेडाचं बघा

पत्र: मी घरातल्या एका खोलीतून कपड्यांची ऑनलाइन विक्री करते. शर्ट, ड्रेस, स्वेटर, लहान मुलांचे कपडे असं सगळं. दर आठवड्याला पंचवीस-तीस नवे नग येतात. फोटो फोनवरच काढते, खिडकीजवळ. उजेड कमी पडला की ट्यूबलाइट लावते. माल परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ‘फोटोत रंग वेगळा दिसत होता’. मरून लालभडक दिसतो, गडद निळा काळा दिसतो, पांढरा कधी पिवळट तर कधी निळसर. एक परिचित म्हणतात, फुलफ्रेम कॅमेरा घेतल्याशिवाय सुटका नाही. मैत्रीण म्हणते, रिंगलाइट पुरे. साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार आहेत. सगळे कॅमेऱ्यात घालू का?

उत्तर:

नमस्कार,

सगळे नका घालू. निम्मेसुद्धा नकोत. आणि पैसे एकदाच खर्च व्हायला हवेत हेही डोक्यातून काढा. दोन टप्प्यांत खर्च केलेत, तर दुसऱ्या टप्प्याच्या यादीतली बरीच नावं तोवर आपोआप खोडली गेलेली असतील.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तक्रार आहे ती फक्त रंगाची. फोटो पुसट येतो, वीण दिसत नाही, मोठा केला की फुटतो, असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे फुलफ्रेम कॅमेरा ज्या दुखण्यावर घेतात ते दुखणं तुम्हाला नाहीच. फुलफ्रेमचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, ३६ × २४ मिलिमीटरचा, आणि ज्याला क्रॉप किंवा एपीएस-सी म्हणतात तो साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा. मोठ्या सेन्सरचा खरा फायदा दिसतो तो अंधारात आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, चढवावी लागते तेव्हा, किंवा मागचं सगळं धूसर करायचं असतं तेव्हा. कपड्याच्या फोटोत उजेड तुमच्या हातात असतो, कपडा जागचा हलत नाही, कॅमेरा ट्रायपॉडवर असतो आणि कॉलरपासून हेमपर्यंत सगळंच स्पष्ट हवं असतं. आयएसओ १०० आणि लेन्सच्या भोकाचं माप म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/८ ला दहा वर्षं जुना क्रॉप कॅमेरा आणि नवा कोरा फुलफ्रेम यांच्या फोटोंतला फरक तुमच्या ग्राहकाला फोनच्या पडद्यावर ओळखू येणार नाही. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० ठिपके, आणि विक्रीच्या पानावर झूम नीट चालायला लांब बाजूला २००० ठिपके पुरतात. परिचितांचा सल्ला चुकीचा नाही, पण तो लग्नाचे फोटो काढणाऱ्याला द्यायचा सल्ला आहे.

आता तुमचे तीन रंग एकेक करून बघू, कारण तिघांची कारणं वेगळी आहेत आणि काय विकत घ्यायचं ते या कारणांवरूनच ठरतं.

पांढऱ्यापासून सुरुवात करते. दुपारच्या उन्हाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), सावलीतल्या आकाशाचा ७००० च्या पुढे, म्हणजे निळसर. पिवळ्या बल्बचा २७०० ते ३००० च्या आसपास. ट्यूब यांच्यामध्ये कुठेही असू शकते आणि पुष्कळदा त्यात हिरवी झाक असते. डोळा हे सगळं सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. व्हाइट बॅलन्स म्हणजे कॅमेऱ्याला ‘हा उजेड पांढरा समज’ असं सांगणं, आणि एका फोटोत ते एकाच उजेडाबद्दल सांगता येतं. खिडकी डावीकडे आणि ट्यूब वर असेल, तर शर्टाचा डावा खांदा निळसर आणि उजवा पिवळट येणारच. मग फोनचं कुठलंही सेटिंग फिरवा, एक खांदा सुधारला की दुसरा बिघडतो. म्हणून पहिला उपाय फुकट आहे: एका वेळी एकच प्रकारचा उजेड. खिडकीवर काढत असाल तर घरातले सगळे दिवे बंद. दिवा लावत असाल तर पडदा पूर्ण ओढलेला, शक्यतो जाड आणि रंग नसलेला.

पांढऱ्याची आणखी एक खोड आहे. पांढऱ्या कापडात आणि धुण्याच्या पावडरीत ‘ब्राइटनर’ घालतात. ते डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा उजेड परत फेकतात, म्हणून नवं पांढरं कापड उन्हात झगझगीत दिसतं आणि फोटोत निळसर येतं. खिडकीच्या काचेतून हे किरण बऱ्यापैकी आत येतात. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत ते जवळपास नसतात, त्यामुळे एलईडीखाली पांढरा शर्ट बराच शांत दिसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी उपयोगी पडेल.

मरून. इथे दोन चोर आहेत. पहिला म्हणजे फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स. सगळी चौकट मरून कपड्याने भरली की फोनला वाटतं उजेडच लालसर आहे, आणि तो रंग उलट दिशेला ओढतो. शेजारच्या निळ्या ड्रेसच्या फोटोत पुन्हा वेगळीकडे ओढतो. एकाच दिवशी, एकाच जागी काढलेले फोटो एकमेकांशी जुळत नाहीत ते यामुळे. वर फोन स्वतःच्या मर्जीने रंग थोडे भडक करतो ते निराळंच, तुमचा मरून लालभडक होतो तो बहुधा त्यामुळे. दुसरा चोर दिव्यात बसलेला असतो. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण. पण हा आकडा पहिल्या आठ फिक्या रंगांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा नमुना, आर९, तो या सरासरीत धरलेलाच नाही. त्यामुळे ८० सीआरआयच्या घरगुती एलईडीचा आर९ शून्याच्या आसपासही असू शकतो आणि खोक्यावर त्याची दखल नसते. अशा दिव्यात जो लाल मुळी नाहीच, तो कॅमेरा कुठून आणणार? मरून, कुंकवासारखा लाल, गर्द गुलाबी, तपकिरी आणि माणसाची त्वचा, या सगळ्यांना आर९ लागतो. फोटोसाठीच्या दिव्यात सीआरआय ९५ किंवा जास्त आणि आर९ ९० च्या आसपास बघा. विक्रेत्याला आर९ विचारा. उत्तर माहीत नसेल तर त्या दिव्याचं मोजमाप कुणीतरी केलेलं शोधा, लोकप्रिय दिव्यांचं सापडतं. तेही सापडलं नाही तर दुसरा दिवा बघा.

गडद निळा काळा दिसतो तो मात्र रंगामुळे नाही, एक्स्पोजरमुळे, म्हणजे फोटोत किती उजेड घेतला गेला त्यामुळे. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरचं सगळं मध्यम करड्याकडे नेतं. चौकटीत मागे पांढरी पार्श्वभूमी जास्त असेल तर तो तिला करडी करायला उजेड कमी करतो आणि निळा ड्रेस काळोखात जातो. उलट, सगळी चौकट काळ्या कोटाने भरली तर तो उजेड वाढवतो आणि कोट राखाडी दिसतो. म्हणून एक्स्पोजर ऑटोवर सोडायचं नाही. एकदा ठरवायचं आणि कुलूप लावायचं, आणि गडद कपड्याला हाताने अर्धा-पाऊण स्टॉप वाढवायचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पण नुसतं एक्स्पोजर वाढवून भागत नाही. गडद कापड दिसतं ते त्याच्या घड्यांवर आणि विणीवर आडवा उजेड पडला तरच. समोरून सपाट उजेड टाकलात तर निळा काय, जांभळा काय, सगळं एकच डाग.

आणि म्हणून रिंगलाइट नको. मैत्रिणीला वाईट वाटू देऊ नका; चेहऱ्यासमोर बसून बोलायचं असेल तर तो चांगला. पण रिंगलाइट लेन्सच्या भोवती असतो, म्हणजे उजेड बरोबर समोरून येतो आणि घडी, वीण, शिवण, सगळ्यांच्या सावल्या पुसून टाकतो. स्वेटरची वीण तीच तर विकायची असते! शिवाय प्रत्येक चकचकीत बटणात एक पांढरं कडं. कापडी पेटीसारखे लाइट टेंट दागिन्यांना आणि बुटांना ठीक, शर्ट त्यात मावत नाही. चार बल्बांच्या स्वस्त सॉफ्टबॉक्स-संचांपासूनही लांब राहा (सॉफ्टबॉक्स म्हणजे दिव्यापुढे लावायची, पांढऱ्या कापडाच्या तोंडाची पेटी). खोक्यावर ‘इतक्या वॉटच्या बरोबरीचा’ असा फुगवलेला आकडा असतो, उजेड कमी असतो आणि रंग भरवशाचा नसतो.

मग घ्यायचं काय? इथे एक फाटा फुटतो आणि तो नीट समजून घेतला नाही तर पैसे वाया जातात. स्टुडिओचा फ्लॅश आणि फोन यांचं जमत नाही. फोनला त्या फ्लॅशशी वेळ जुळवता येत नाही. फोनवर काढायचं असेल तर सतत जळणारा दिवा, म्हणजे एलईडी, हाच मार्ग. कॅमेरा असेल तर दोन्ही चालतात.

फ्लॅशची बाजू आधी मांडते, कारण तो निर्विवाद ताकदवान आहे. कॅमेऱ्यावर आयएसओ १००, एफ/८, शटर १/१६० सेकंद असं लावा आणि फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. पूर्ण काळा आला पाहिजे. आला, तर खोलीतल्या ट्यूबला आणि खिडकीला तुमच्या फोटोत काही स्थान उरलं नाही. फ्लॅश लावल्यावर जे दिसेल ते सगळं फ्लॅशचंच. झेनॉन फ्लॅशचा उजेड दिवसाच्या उजेडाच्या जवळचा असतो आणि त्यात लाल गायब असण्याचा प्रश्न नसतो. कपडा घालून माणूस उभा राहणार असेल तर त्याची हालचालही गोठते. गोडॉक्स टीटी६०० किंवा योंगनुओ वायएन५६० यांसारखे हाताने चालवायचे फ्लॅश आणि एक ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसवून फ्लॅश पेटवणारं यंत्र), इतक्यावर सुरुवात होते. एकाच खोलीत नेहमी काम असेल तर विजेवर चालणारा ३०० वॉट-सेकंदांचा स्टुडिओ फ्लॅश त्याहून सोयीचा, सेल बदलायची कटकट नाही.

तरीही तुम्हाला मी पहिला दिवा एलईडीच घ्या असं सांगेन. तुमच्याकडे फोन आहे, कॅमेरा नाही. एलईडी आज फोनबरोबर चालेल, उद्या कॅमेऱ्याबरोबर चालेल, आणि कपड्याचा पडण्याचा ढंग दाखवणारा छोटा व्हिडिओही त्याच दिव्यात निघेल. फ्लॅशला यातलं शेवटचं, व्हिडिओचं काम तर जमत नाहीच, पण पहिलं, फोनबरोबर चालायचं कामही जमत नाही. शिवाय जे दिसतं तेच फोटोत येतं, त्यामुळे दिवा अर्धा फूट सरकवला की काय बदलतं हे डोळ्यांनी शिकता येतं. एक कमी माहीत असलेला फायदाही आहे. काही काळी कृत्रिम कापडं अवरक्त किरण बरेच परत फेकतात आणि त्यातले थोडे कॅमेऱ्याच्या फिल्टरमधून निसटतात. मग उन्हात किंवा फ्लॅशमध्ये काळं जॅकेट तपकिरी-जांभळं दिसतं. एलईडीत अवरक्त जवळपास नसतं, म्हणून ही भानगड होत नाही.

एलईडीची कमजोरी म्हणजे जोर कमी. ६० वॉटचा दिवा सॉफ्टबॉक्समध्ये घातला की उरलेला उजेड फ्लॅशच्या तुलनेत अगदीच बेताचा असतो. पण तुमचा शर्ट कुठे पळून जाणार आहे? फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवा, शटर १/३० किंवा त्याहून हळू ठेवा, टायमर लावा. पंखा मात्र बंद. हँगरवरचा कपडा पंख्याच्या वाऱ्याने जेमतेम हलतो, आपल्याला कळतही नाही, आणि फोटो मऊ येतो म्हणून लोक लेन्सला दोष देतात.

दिवा निवडताना ५६०० केल्विनचा एकाच रंगाचा घ्या. रंग बदलता येणारे, बटण दाबलं की जांभळे-हिरवे होणारे दिवे तुमच्या कामाचे नाहीत, त्याच पैशात उजेड कमी मिळतो. पुढे गोल तोंडाचा बोवेन्स माउंट असलेला बघा, म्हणजे बहुतेक कंपन्यांचे सॉफ्टबॉक्स बसतात आणि उद्या त्याच माउंटचा स्टुडिओ फ्लॅश घेतलात तर तोच सॉफ्टबॉक्स त्यालाही लागतो. गोडॉक्सचा एसएल६०डब्ल्यू हा या जातीचा जुना आणि बराच वापरला गेलेला दिवा, वापरलेलाही मिळतो. परवडत असेल तर १०० ते १५० वॉटचा घ्या. दुकानात दिवा कमी तेजावर ठेवून फोनने स्लो-मोशनमध्ये चित्रण करून बघा. पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतो आहे, सोडून द्या. ५० हर्ट्झच्या विजेवर साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, फोटोतले आडवे पट्टे त्यातूनच येतात.

सॉफ्टबॉक्सवर कंजुषी नको, खरं तर दिव्यापेक्षाही. उजेड मऊ होतो तो कपड्याच्या मानाने त्याचा स्रोत किती मोठा आहे त्यावर. ९० ते १२० सेंटिमीटरचा घ्या आणि तो साधारण त्याच्या रुंदीइतक्याच अंतरावर ठेवा. लांब नेलात तर तो लहान होतो, सावल्या कडक होतात, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. मुख्य दिवा एकच, बाजूने आणि थोडा वरून, साधारण ४५ अंशांवर. दुसऱ्या बाजूला पांढरा फोमबोर्ड किंवा थर्माकोलची पाटी उभी करा. ती उजेड परत फेकून सावली सौम्य करते. दुसऱ्या दिव्याचे पैसे वाचले. पाटी जवळ-लांब करून सावली किती ठेवायची ते तुमच्या हातात.

कापडाप्रमाणे दिवा सरकवायला शिका. लोकर, कॉर्डुरॉय, डेनिम, भरतकाम यांना दिवा जवळजवळ कडेलाच न्या. साटीन आणि रेशीम यांना मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ, नाहीतर चमकेचे तुकडे पडतात. मखमल उजेड गिळते, तिला कडेचा उजेडही हवा आणि एक्स्पोजरही जास्त. पांढऱ्यावर पांढरा शर्ट असेल तर उलट युक्ती: चौकटीच्या जरा बाहेर दोन्ही बाजूंना काळ्या पाट्या उभ्या करा, शर्टाच्या कडांवर बारीक करडी रेघ येते आणि तो पार्श्वभूमीत हरवत नाही. हे असं काही करताना मजा येते, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते. एखादा दिवस एकाच शर्टात जाईल.

रंगासाठी आणखी एक वस्तू, आणि सगळ्या यादीत सगळ्यात स्वस्त: १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड. सत्राच्या सुरुवातीला, जिथे कपडा असणार तिथेच ते धरून एक फोटो काढा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स बांधून टाका. फोनच्या प्रो मोडमध्ये तो केल्विनच्या आकड्याने बांधता येतो. फोनमध्ये प्रो मोड नसेल तर अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे मोफत अ‍ॅप आहे, आणि लाइटरूमच्या मोबाइल अ‍ॅपमधल्या कॅमेऱ्यातही हे होतं. फोन देत असेल तर रॉ किंवा डीएनजीमध्ये, म्हणजे फोनने रंग न बदललेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा, म्हणजे फोनची भडक रंगांची हौस आड येत नाही आणि ग्रे कार्डवर एकदा क्लिक करून तीच दुरुस्ती सत्रातल्या सगळ्या फोटोंना लावता येते. संगणकावर डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आहेत. शेवटी फाइल एसआरजीबी या इंटरनेटवरच्या नेहमीच्या रंगव्याप्तीत काढा. दुसऱ्या रंगव्याप्तीत काढलेली फाइल काही ठिकाणी मलूल दिसते.

एवढं करूनही काही रंग जुळणार नाहीत. फ्लोरोसंट गुलाबी किंवा पोपटी नेहमीच्या पडद्यावर पूर्ण दाखवताच येत नाही, आणि ग्राहकाने फोनवर रात्रीचा पिवळा मोड लावला असेल तर तुमचं ग्रे कार्ड काय करणार? अशा कपड्याच्या वर्णनात रंग शब्दांत लिहा, ‘फोटोपेक्षा किंचित गडद, वांग्याच्या रंगाकडे झुकणारा’ असा. परत येणारे नग यानेही कमी होतात.

पहिल्या टप्प्याची यादी, बजेटचे दहा भाग धरून: चार भाग दिवा, सॉफ्टबॉक्स आणि स्टँड. एक भाग ट्रायपॉड, फोनच्या पकडीसकट. एक भाग वाफेची इस्त्री आणि दुकानात उभा असतो तसला पुतळा. स्टीमर दुसऱ्या दिव्यापेक्षा महत्त्वाचा, कारण चुरगळलेला कपडा चांगल्या उजेडात अधिकच चुरगळलेला दिसतो. पुतळा वापरलेला घ्या, कपडा मागून चिमट्यांनी आवळून बसवा. अर्धा भाग ग्रे कार्ड, पाट्या, चिमटे, टाचण्या आणि लिंट रोलर. अर्धा भाग पार्श्वभूमी: कागदाचा रोल १.३५ मीटर रुंदीचा पुतळ्याला पुरतो, माणूस पूर्ण उभा दाखवायचा तर २.७२ मीटरचा लागेल. कापडी पडदा घेऊ नका, त्याच्या चुण्यांना इस्त्री करत बसाल. उरलेले तीन भाग बाजूला ठेवा आणि दोन-तीन महिने हात लावू नका.

पार्श्वभूमी एकदम शुभ्र हवी का, हे तुम्ही कुठे विकता त्यावर आहे. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला शुद्ध पांढरी, म्हणजे २५५-२५५-२५५, पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा. उजेडाने ती शुभ्र करायची तर मागच्या कागदावर वेगळे दिवे लागतात. तुम्ही पुतळा कागदापासून दीड मीटर पुढे ठेवा, फिकट करडी येऊ द्या, आणि जिथे सक्ती आहे तेवढ्याच फोटोंची पार्श्वभूमी संगणकावर काढा. स्वतःच्या पानावर फिकट करडं छान दिसतं, पांढरे कपडे तर त्यावरच खुलतात.

फोनवर काढताना अल्ट्रावाइड लेन्स कधीही नाही. पुतळ्यावरचा कपडा असेल तर निदान दोन मीटर मागे या आणि दुपटीचं झूम वापरा. जवळून काढलं की छाती फुगते आणि हेम आखडतं. जमिनीवर सपाट पसरलेल्या कपड्याला मात्र हा नियम तितका लागू नाही. कपडाच सपाट असल्यामुळे फोन बरोबर समांतर असेल तर मुख्य लेन्सने मीटरभर उंचीवरूनही आकार बिघडत नाही. वरून काढणं अवघड जात असेल तर मोठा फोमबोर्ड भिंतीला जवळजवळ उभा टेकवा, कपडा मागून टाचण्यांनी त्यावर लावा आणि फोन बोर्डाइतकाच कलता ठेवा.

आता कॅमेरा. दोन-तीन महिन्यांनी तुम्हाला फोनची अडचण नेमकी सांगता आली, तरच घ्या. ‘लेस झूम केल्यावर चिखल होतो’, ‘आता माणसांवर कपडे घालून फोटो काढायचे आहेत’, ‘फोटो थेट लॅपटॉपवर यायला हवेत’ ही खरी कारणं. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण नाही. कारण खरं असेल तर वापरलेला, २४ मेगापिक्सेलचा क्रॉप कॅमेरा त्याच्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्ससकट (निकॉन-कॅननला १८-५५, सोनीला १६-५०) घ्या. सोनी ए६०००, निकॉन डी५६००, कॅनन २००डी, जो चांगल्या अवस्थेत हाती लागेल तो. किट लेन्सला नाक मुरडायची फॅशन आहे, पण एफ/८ ला ती चोख काम करते.

सगळे म्हणतील ५० एमएम एफ/१.८ लेन्स घ्या. आधी खोली मोजा. क्रॉप कॅमेरा उभा धरून १.८ मीटर उंचीची चौकट भरायची तर ५० एमएमला कॅमेरा जवळपास ३.८ मीटर लांब ठेवावा लागतो, ३५ एमएमला २.७. त्यात पुतळ्यामागचे दीड मीटर आणि तुमची उभं राहायची जागा मिळवा: ५० ला सहा मीटरची खोली हवी. नसेल तर ती लेन्स कपाटात राहील. किटमध्ये ३५ ही आहे आणि ५० ही.

वापरलेला कॅमेरा बघताना शटर किती वेळा चाललं आहे ते विचारा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण लाखभर फोटोंसाठी बनवलेलं असतं. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागे दिसतात का बघा. पुढे फ्लॅश वापरायची शक्यता असेल तर वरच्या हॉटशूकडे, म्हणजे फ्लॅश किंवा ट्रिगर बसवायच्या खाचेकडे, नीट पाहा: कॅननच्या काही अलीकडच्या स्वस्त मॉडेलांत, उदाहरणार्थ २००डी मार्क २ मध्ये, मधला संपर्कबिंदूच काढून टाकलेला आहे आणि इतर कंपन्यांचे साधे ट्रिगर त्यावर चालत नाहीत. जाताना बारीक चौकड्यांचा एखादा शर्ट बरोबर न्या आणि त्याचा फोटो काढा. डी५६०० सारख्या, लो-पास फिल्टर (सेन्सरपुढची, बारीक नक्षी किंचित मऊ करणारी काच) नसलेल्या कॅमेऱ्यांत अशा विणीवर कधीकधी इंद्रधनुषी लाटा उमटतात, त्यांना मॉयरे म्हणतात. त्या दिसल्या तर फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. मोठा केल्यावर गेल्या तर तो पडद्याचा खेळ आहे. नाही गेल्या तर हातभर मागे सरून पुन्हा काढा, बहुतेक वेळा तेवढ्यानं जातात. शेवटी एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा. त्यात काळे ठिपके असतील तर सेन्सरवर धूळ आहे, सफाईचा खर्च किमतीतून कमी करून मागा.